पाच वाजता सुटणारी बदकं

गेवराईच्या पंचक्रोशीत माझ्या थोरल्या साडूंइतका शिस्तीचा माणूस झाला नाही, आणि त्यांच्या पाच बदकांइतकी बेशिस्त मंडळीही झाली नाहीत. या दोघांना एका कुंपणात कोणी आणलं, असं विचाराल तर ते साडूंनी स्वतःच आणलं. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून त्यांनी चौतीस वर्षं काढली, तीही बहुतेक कालव्यावरच्या चौक्यांमध्ये, घरापासून लांब. पाण्याच्या पाळ्या लावायच्या, दारं उघडायची, दारं बंद करायची आणि शेतकऱ्यांच्या शिव्या शांतपणे ऐकून घ्यायच्या, असा सगळा जन्म गेला. निवृत्तीनंतर शिव्या द्यायलाही कोणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी घरामागच्या दहा गुंठ्यांत बिनऔषधाचा भाजीपाला सुरू केला आणि किडे वेचायला म्हणून पैठणकडून टोपलीत घालून ही बदकं आणली.

आमच्याकडे माणसांना प्यायला टँकर येतो, तिथे कोणी बदकं पाळतं म्हटल्यावर लोक मुद्दाम बघायला येत. पोहायला तळं नव्हतं, म्हणून साडूंनी एका बंद पडलेल्या गुऱ्हाळातून रस आटवायची भली थोरली काहील आणून जमिनीत पुरली. तिच्यात बदकं डुंबत आणि ते गढूळ पाणी साडू भाजीच्या वाफ्यांना सोडत. "हे पाणी न्हाई साडूभाऊ, टॉनिक हाय," असं म्हणत ते पालकाचं पान तोडून, न धुता, माझ्या तोंडासमोर धरत. "खा. औषधाचा थेंब न्हाई याच्यावर." औषधाचा नसेल, पण दुसरं काय काय आहे ते मला स्पष्ट दिसत असे. तरी मी डोळे मिटून खाई, कारण साडूपणात एवढं सोसावंच लागतं.

बदकांना त्यांनी नावं दिली नाहीत, हुद्दे दिले. एक मोजणीदार, एक पाटकरी, दोन शाखा अभियंते आणि सगळ्यांत जाडजूड, सगळ्यांत आळशी ते उपअभियंता. नोकरीतल्या खऱ्या उपअभियंत्यांपुढे साडूंनी कधी मान वर केली नव्हती. आता ते रोज सकाळी खुराड्याचं दार उघडून हात मागे बांधून उभे राहत आणि म्हणत, "चला साहेब, चिखलात उतरा." हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज येई ते मी त्यांच्या निरोप समारंभातही पाहिलं नव्हतं. एकदा मला सकाळी सकाळी फोन आला. "साडूभाऊ, साहेबांनी अंडं घातलं!" मी तेव्हा बीडच्या बसस्टँडवर उभा होतो, आणि शेजारच्या माणसाने फोनमधलं ऐकून माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने दुसऱ्या फलाटावर गेलो.

कामाची वेळ आठ ते पाच. दुपारी एक तास जेवणाची सुट्टी. रविवारी पूर्ण सुट्टी, म्हणजे दिवसभर खुराडं बंद. कोणत्या तासाला कोणतं बदक कोणत्या वाफ्यात, याचा तक्ता खुराड्यावर चिकटवलेला होता, फक्त तो बदकांनी वाचलेला नव्हता. दुधी भोपळ्याच्या वेलाखाली ज्याची पाळी असे ते कोथिंबिरीत सापडे आणि वांग्यातलं बदक काहिलीत. एका दुपारी उपअभियंत्याने कोवळ्या मेथीच्या दोन वाफ्यांपैकी एक अख्खा साफ केला. साडूंनी रीतसर कारणे दाखवा नोटीस लिहिली आणि त्याच्यासमोर उभं राहून ती वाचून दाखवली. साहेबांनी मान वाकडी करून शेवटपर्यंत ऐकलं, मग शेजारच्या वाफ्यातल्या शेपूला सुरुवात केली.

मागच्या ओसरीवरून हे सगळं आक्का बघत होत्या. आक्का म्हणजे साडूंच्या पत्नी, माझ्या बायकोची मोठी बहीण. मेथी त्यांनी स्वतः पेरली होती. त्या शांतपणे म्हणाल्या, "पंचमीला दोघी लेकी माहेराला यायच्यात. त्यांच्या ताटात या बागेतली भाजी पडली तर बदकं राहतील, न्हाई तर जातील बाजारात." साडू त्यांच्यासमोर हसले. मला मात्र काहिलीजवळ नेऊन हळूच म्हणाले, "बदकं गेली तर मी दिवसभर करू काय, साडूभाऊ?" हा प्रश्न ते थट्टेत विचारत नव्हते.

नेमक्या त्याच पावसाळ्यात शंखी गोगलगायी आल्या. आजूबाजूच्या शिवारात कोवळं सोयाबीन फस्त झालं, आणि साडूंच्या बागेतही रोज सकाळी पानांच्या चाळण्या दिसू लागल्या. बदकाला गोगलगाय म्हणजे पेढा. पण गोगलगायी दिवसा ढेकळाखाली दडून बसतात आणि उन्हं कलल्यावर बाहेर पडतात. तेव्हा साडूंची बदकं ड्युटी संपवून कुलपात बसलेली! मी म्हटलं, "दाजी, पाचनंतर सोडा की त्यांना." ते दुखावलेच. "आज सहाला सोडा म्हणाल, उद्या सातला. मग पाळीला अर्थ काय राहिला?" असं म्हणून ते टीव्हीपुढे जाऊन बसले.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो तर बाग सावरलेली. भेंडीला नवी पालवी, दोडक्याला फुलं. साडू म्हणाले, "बघा, वेळापत्रकाचा गुण!" मी मान डोलावली, आणि ते टीव्हीपुढे बसल्यावर मागच्या बाजूला गेलो. दिवेलागणीची वेळ होती. आक्का पदर खोचून, हातात काठी घेऊन बदकांच्या मागून चालल्या होत्या. "चला गं बायांनो. तिकडं न्हाई, मेथी हाय तिकडं. या इकडं, हे बघा केवढी गोगलगाय!" उपअभियंता सगळ्यांच्या पुढे होता आणि आयुष्यात पहिल्यांदा मन लावून काम करत होता. मला बघून आक्कांनी ओठांवर बोट ठेवलं. "पाव्हणं, यांना सांगू नका."

सांगायची वेळच आली नाही. लाईट गेली, टीव्ही बंद पडला आणि साडू बॅटरी घेऊन मागच्या दारात आले. उजेड आधी साहेबांवर पडला, मग आक्कांवर.

"पाचनंतर हे बाहेर कावून?" साडूंनी विचारलं.

"रोजच असतात," आक्का म्हणाल्या. मग काठी टेकून उभ्या राहिल्या. "चौतीस वर्षं दिवेलागणीला मी दाराकडं बघत बसले. तुमी आपले चौकीवर. आता घरी आलात, तर पाच वाजले की त्या टीव्हीपुढं. म्हणलं, निदान बदकं तरी येतील माझ्यासंगं फिरायला."

मला तिथून निघून जावंसं वाटत होतं आणि पायही उचलत नव्हता. मला वाईट वाटत होतं, आक्कांसाठी वाटत होतं तसं साडूंसाठीही, कारण हे त्यांना कधी कळलंच नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ते चपला न घालता चिखलात उतरले. वांग्याच्या बुडाशी बॅटरी धरून एक गोगलगाय उचलली आणि साहेबांसमोर टाकली. मग आक्कांकडे न बघता म्हणाले, "काठी द्या इकडं. तुमी बॅटरी धरा."

पंचमीला लेकींच्या ताटात भरली भेंडी होती, दोडका होता, आणि उरलेल्या मेथीची भाजीही. बदकं राहिली. "मला लई नाद न्हाई बाई त्या बदकांचा," असं आक्का लेकींना ठासून सांगत होत्या आणि साडू खाली मान घालून भाकरी मोडत होते.

आता दिवेलागणीला त्यांना फोन केला तर कोणी उचलत नाही. फोन आत घरात वाजत राहतो आणि दोघं मागे बागेत असतात. मीही फार वेळ वाजू देत नाही. फोन ठेवतो, उठतो आणि आमच्या स्वयंपाकघरात जाऊन ओट्यापाशी उगीच उभा राहतो. बायको विचारते, "काय पाहिजे?" मी म्हणतो, "काही नाही." आणि मग तिथेच उभा राहून तिला शेंगा सोलून देतो.