सुलतानची रजा

छप्पन साली परळच्या चाळीत राहणारा भिवा एका सॉलिसिटरसाहेबांच्या सुलतान नावाच्या घोड्याचा मोतद्दार होता. सुलतानच्या मागच्या पायाचा सांधा सुजला. डॉक्टरांनी बजावलं, "स्वारी बंद. रोज मऊ मातीवर हळूहळू चालवा." साहेबांनी घोड्याला लगेच तीन महिन्यांची रजा दिली.

त्याच आठवड्यात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात भिवाच्या गुडघ्यावर लाठी बसली. लंगडत येऊन त्याने चार दिवसांची सुट्टी मागितली. साहेब खूश होऊन म्हणाले, "छान झालं! आता घोडा आपोआप हळू चालेल."

भिवा लगाम धरून निघाला. तीन महिन्यांत दोघांचीही चाल सुधारली.

"घोड्याची फार निगा राखलीत हो!" घोडा तपासून डॉक्टरांनी साहेबांना म्हटलं. साहेब चक्क लाजले. खाली बसून सुलतानचा सांधा चोळणाऱ्या भिवाने हाताला उरलेलं तेल गुपचूप स्वतःच्या गुडघ्याला लावलं.