खडूवरची ओल

सोलापुरात आयटीआयला वेल्डिंग शिकताना मी परीक्षेसाठी पत्र्याची टाकी जोडली. एका कोपऱ्यात भोक पडलं होतं. ते मी कसंबसं बुजवून ग्राइंडरनं घासून टाकलं होतं.

सरांनी सगळ्या जोडांना बाहेरून ओला खडू फासला आणि तो वाळल्यावर आत डिझेल ओतलं.

"थांब की जरा. कुटं गळतंय ते खडूच सांगंल."

खडूनं कशाला सांगायला पाहिजे, मला माहीत होतं. त्या कोपऱ्यावरून माझी नजर हलेना.

कोपरा पांढराच राहिला. माझा जीव भांड्यात पडतोय तोवर सरांनी टाकी फिरवली. मागच्या सरळ जोडावर ओल पसरली होती.

त्याच जोडाचा फोटो मी सकाळी मंद्रूपला आईला पाठवला होता, आणि तिनं तो सगळ्या गल्लीला दाखवला होता.