धानावरून गेलेली गाडी

माझ्या साळ्याने गाडी बांधली तेव्हा मला तिचं कौतुक वाटलं होतं, हे आधीच कबूल करतो. नंतर जी किळस आली, ती त्याच्याइतकीच मला माझीही आली.

बाहेरून सुटे भाग मागवून घरी जोडायची सुपरकार होती ती. खाली लोखंडी पाइपांचा सांगाडा, वर फायबरचं लाल कवच आणि पाठीमागे एका अपघातातल्या मोटारीतून काढलेलं टर्बो इंजिन. साळा चंद्रपुरात ठेकेदारी करतो. दोन वर्षं त्याच्या गोदामात हे काम चाललं होतं. एका रविवारी तो आमच्या ऊर्जानगरच्या क्वार्टरवर आला आणि म्हणाला, "भाऊजी, मले ताशी अडीचशेचा स्पीड पायजे. इंजिन एकशे ऐंशी हॉर्सपॉवरचं हाय. होईन का नाई, सांगा."

मी वीजकेंद्रात बॉयलरचा धूर चिमणीकडे ओढणाऱ्या मोठ्या पंख्यांवर काम करतो. पंख्याचा वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट लागते, हे आमच्याकडे नवा माणूसही पहिल्या महिन्यात शिकतो. हवा कापत पळणाऱ्या गाडीचंही तसंच. मी कागद घेतला, गाडीची रुंदी-उंची मांडली आणि त्याला सांगितलं, "दोनशेला एकशे तीस हॉर्सपॉवर पुरतात. अडीचशेला दोनशे चाळीसच्या आसपास लागतील. वरच्या पन्नाससाठी जवळपास दुप्पट ताकद. तुझं इंजिन सव्वादोनशेच्या आतच थांबेल."

त्याचा चेहरा पडला. मग मीच त्याला गाडीच्या पोटाखाली सपाट पत्रा लावायला सांगितला, म्हणजे हवा अडकणार नाही. नाकाखाली जमिनीलगत एक पट्टी लाव, म्हणजे पुढची चाकं दबून राहतील, असंही सांगितलं. कोणी मागितलं नव्हतं तरी रात्री जेवण झाल्यावर मी आकृत्या काढत बसलो. इतक्या वर्षांत माझ्या हिशेबाची कोणी अशी वाट पाहिली नव्हती.

पट्टी त्याने लावली नाही. गतिरोधकावर घासते म्हणाला. त्याऐवजी मागे हातभर उंच पंख लावला, कारण तो फोटोत दिसतो. मी गोदामात जाऊन पाहिलं आणि म्हणालो, "अरे, हा पंख मागचं दाबतो, म्हणजे पुढचं उचलतो. स्टेअरिंग हलकं पडेल." तो म्हणाला, "तुमी लई भेता." त्या दिवशी हट्ट धरायला हवा होता.

धान कापणी झाल्यावर, सकाळी नऊच्या सुमारास, चामोर्शीकडच्या एका सरळ नव्या रस्त्यावर आम्ही गेलो. परवानगी नव्हतीच. दोन्ही टोकांना त्याची माणसं वाहनं अडवायला उभी होती, एक जण व्हिडिओ काढायला. रस्त्याच्या डाव्या अंगाला एक म्हातारी बाई आणि तिची सून धान वाळवत होत्या. साळा ओरडला, "बाई, उचला हे. गाडी जायची हाय."

"आता तं पसरवलं, भाऊ," ती म्हणाली. "इथी नाई तं कुठी वाळवू?"

शेवटी दोघींनी फावड्याने ओढून सगळं धान अगदी कडेला ढिगात लावलं. मी गाडीत लावायच्या फोनवर वेग मोजायचं ॲप तपासत उभा होतो. त्यांना हात लावायचं मनातही आलं नाही.

पहिल्या फेरीत गाडी एकशे नव्वद गेली. दुसऱ्या फेरीत आवाज वेगळाच होता. गाडी माझ्यासमोरून गेली तेव्हा पुढची चाकं नुसती टेकल्यासारखी दिसली. मग नाक डावीकडे सरकलं. सुनेने सासूला दंडाला धरून मागे खेचलं आणि गाडी ढिगातून आरपार जाऊन पलीकडच्या बांधीत, कापणी झालेल्या धानाच्या शेतात, घुसली.

मी पळत गेलो. साळा दार ढकलून बाहेर येत होता, खांदा धरून. आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "किती गेली?"

"दोनशे चौदा!" तो हसत म्हणाला. "व्हिडिओ आला का?"

मागे पाण्याचा गुंड, छोटा हंडा, घेऊन म्हातारी उभी होती. धापा टाकत ती म्हणाली, "माणूस मेला का म्हून मी धावत आली. तुमी काय इचारून राह्यले, भाऊ?"

साळा तिचं पाणी प्यायला आणि गुंड परत देताना तिच्याकडे पाहिलंही नाही. तो उडून पडलेला पंख शोधत होता.

धान रस्त्याभर उडालं होतं. त्यात इंजिनाचं तेल सांडलं होतं आणि फायबरच्या, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या, सुयांसारख्या काड्या मिसळल्या होत्या. साळा आपल्या माणसांबरोबर खांदा दाखवायला गडचिरोलीला गेला. मी थांबलो. दुपारपर्यंत सुनेबरोबर सुपाने पाखडत बसलो. हात खाजून लाल झाले, तरी काड्या निघेनात. एवढ्यात सुनेने मूठभर धान कोंबड्यांसमोर टाकायला उचललं, तर सासूने तिचा हात धरला. "काच हाय त्यात." मग शेताच्या कोपऱ्यात आम्ही खड्डा खणला आणि वर्षभराच्या घासातला तो वाटा मातीत लोटला. म्हातारीने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

साळ्याने पुढच्या आठवड्यात धानाची पोती पाठवली आणि प्रकरण मिटलं असं तो समजला. तो व्हिडिओ त्याने एका लग्नात मोठ्या पडद्यावर लावला. धान उडतं त्या जागी लोक टाळ्या वाजवत होते. मी ताट तसंच ठेवून बाहेर आलो.

पावसाळ्यानंतर त्याचा फोन आला. नवं इंजिन मिळालंय, तीनशे हॉर्सपॉवरचं. आता पुढची पट्टीपण लावतो, हिशेब करून द्या. मी नाही म्हणालो. पण ते म्हणायच्या आधीच पट्टी किती रुंद लागेल हे माझ्या डोक्यात मांडून झालं होतं. तो म्हणाला, "काऊन भाऊजी, घाबरले का? नागपूरचा एक जण देते करून." आणि फोन ठेवला.

भाऊबीजेला बायको त्याच्याकडे एकटीच गेली.