ताईच्या चालीला इस्त्री

आमच्या शेजारच्याला मी इस्त्रीवाला म्हणते. कपड्यांचा नव्हे, सुरांचा. लोक कीबोर्डवर वाजवून त्याची मिडी फाइल, म्हणजे कुठला सूर कधी दाबला-सोडला याची नोंद, पाठवतात. ती संगणकावर स्वरलिपीत उघडली की पानभर चुरगळा. अर्धवट तुटलेले सूर, मध्ये मुंगीएवढाले विराम. आमचा इस्त्रीवाला एकेक सूर ओढून पुढच्याला भिडवतो, तेव्हा कुठे ते वाचून वाजवता येतं. वीस वर्षं हेच. मान खुर्चीला टेकायची विसरलीय बिचाऱ्याची.

गेल्या आठवड्यात त्याच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईंनी, त्याला स्वतःची चाल वाजवून दिली. जन्मात एकच रचली त्यांनी. हातांना कंप सुटलाय. बोटं पुरती जायच्या आत ती कागदावर उतरायला हवी होती.

गडी दमलेला. सगळे सूर एकदम निवडून त्याने एक बटण दाबलं, सगळे विराम गायब. मी वाटीभर साखर मागायला गेले, तेव्हा संगणक ती चाल वाजवत होता आणि ताई भिंतीकडे बघत होत्या.

"ही कोणाची रे?"

"तुझीच, ताई."

"मी मध्ये श्वास घेते. ही बाई तर बुडी मारून बसलीय!"

"अगं, तुकडेच तुकडे होते. कंप कुठला नि थांबणं कुठलं, मला काय कळणार?"

"विचारायचं होतंस. तोंड शिवलं होतं?"

"शिवलं नव्हतं, इस्त्रीखाली सापडलं होतं," मी म्हटलं.

"वहिनी, तुम्ही गप्प बसा," तो मला म्हणाला.

त्याने उसासा टाकून मूळ फाइल पुन्हा उघडली. ताई शेजारी बसल्या आणि त्याच्या खांद्यावर ताल धरू लागल्या. हात नुसता थरथरला की तो सूर जोडायचा. हात उचलला की विराम ठेवायचा. सबंध दुपार गेली. चहा दोनदा निवला. त्याचे डोळे चोळून चोळून लाल झाले.

शेवटी कागद छापला. ताईंनी बोट फिरवत वाचला. "इथे एक राहिला."

त्याने कपाळ टेबलावर टेकलं. "पुन्हा छापू?"

ताईंनी त्याच्या कानामागची पेन्सिल काढून तिथे विरामाची खूण केली. मुंगळा पाय मोडून पडल्यासारखी.

"अक्षर बघ!" तो म्हणाला.

"असू दे. आता ही माझी."

त्याने खोडरबराला हातही लावला नाही. संगणक बंद केला आणि बसल्या जागी डोळे मिटले. साखर न घेताच मी परत आले.