सुमनवहिनींचा अंतरपाट

सुमनवहिनी गेल्याचं कळलं तेव्हा मी अंगणात रिठ्याच्या पाण्यात स्वेटर धूत होते. पौषातली सकाळ, बालाघाटची थंडी अगदी हाडात शिरलेली. फाटक वाजलं आणि त्यांची पुष्पा आत आली. पायात चप्पल नाही, केस तसेच. "काकू, आई गेली," एवढंच म्हणाली आणि पायरीवर बसली. माझ्या हातातला स्वेटर वहिनींनीच विणलेला होता, आमच्या ह्यांच्यासाठी. लोकर पिळायची नाही, दाबून पाणी काढायचं आणि आडवी पसरून वाळवायची, हे मला त्यांनीच शिकवलेलं. त्या सकाळी मी तो करकचून पिळला. आता तो एका बाजूने लोंबतो. तरी हे तोच घालून कचेरीत जातात.

महिना उलटून गेला... वहिनींच्या हातच्या कामाबद्दल सगळेच भरभरून बोलतात. तेराव्याला आलेली प्रत्येक बाई कुठल्या तरी स्वेटरची, कुणाच्या बारशातल्या कुंचीची आठवण काढत होती. अंतरपाटाचं नाव मात्र एकीच्याही तोंडून निघालं नाही. मला राग आला, आणि राग आला की मला गप्प बसवत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

राज्यं वेगळी झाली, विदर्भ मुंबईकडे गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिलं, त्या सुमारास मी लग्न होऊन नागपूरहून इथे आले. नोकऱ्या इकडे, सोयरिकी तिकडे, आणि बाजारात जाऊन हिंदी बोलायची वेळ आली की माझी बोबडी वळायची. भिंतीपलीकडे वहिनी होत्या म्हणून तगले. त्यांचे यजमान नाना तहसिलीत होते, एक मुलगी पदरात. दुपारी मी माझ्या सुया घेऊन त्यांच्या ओसरीवर जायची. लोकर गोंदियाहून छोट्या रेल्वेने यायची आणि ती वाया घालवण्यात माझा हात कुणी धरला नसता. मी चार ओळी विणल्या की वहिनी त्यातल्या दोन शांतपणे उसवायच्या. "तुमचा जीव घाईत राह्यते," म्हणायच्या, "टाक्याले घाई समजत नाही."

त्यांचं खरं काम म्हणजे तो अंतरपाट. स्वतःच्या लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांनी तो भरला होता. मधे तुळशीवृंदावन, दोन्ही अंगांना मोर, कडेने साखळी टाक्याची हिरवी वेल. इथे मराठी घरं मोजकी, त्यामुळे कुठेही लग्न निघालं की मुलीकडचं कुणीतरी वहिनींच्या दारात येई. तो अंतरपाट हट्ट्याला गेला, खैरलांजीला गेला, उकव्याच्या खाणीवरच्या एका बाबूच्या घरी बसमधून गेला. परत यायचा तेव्हा त्यावर हळदीचे डाग असत, शिवणीत एखादी अक्षता अडकलेली असे. वहिनी ते डाग धूत नसत. रेशीम काढून वेलीवर त्या लग्नाचं एक फूल भरत. कुठलं फूल कुणाचं हे त्यांना पाठ होतं. "हे कुंदाचं. पहिल्याच वर्षी जुळे झाले तिले." वेलीवर मधोमध त्यांनी एक जागा मोकळी ठेवली होती. लहानग्या पुष्पाचं बोट धरून त्या जागेवर ठेवत आणि म्हणत, "हे तुह्यं."

नाना तापाचं निमित्त होऊन गेले. त्यानंतर आमच्या गल्लीतलं पहिलं लग्न वकिलीणबाईंच्या धाकटीचं. तिच्या दोघी बहिणींची लग्नं याच अंतरपाटाआड लागलेली. वहिनींनी तो काढून, इस्त्री करून ठेवला होता. कुणी आलं नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी वकिलीणबाई कुंपणापाशी आल्या, आवाजात सगळी माया आणून म्हणाल्या, "सुमन, आता तुह्या जिवाले काहून तरास द्यायचा? आम्ही बाजारातून कापड आणलं." आणि त्याच दमात लोकरीचं पुडकं पुढे केलं. जावयाचा स्वेटर विणून हवा होता. मी तिथेच उभी होते, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वहिनींनी पुडकं घेतलं, माप विचारलं. वकिलीणबाई गेल्यावर वहिनी सुईवर टाके घालता घालता म्हणाल्या, "लोकरीले काही होत नाही वाटते."

मग तसंच सुरू झालं. स्वेटर वहिनींचे, कुंच्या वहिनींच्या, रुखवतातले रुमालसुद्धा वहिनींचे. अंतरपाट तेवढा कडुनिंबाच्या पाल्यात, ट्रंकेच्या तळाशी.

पुष्पाचं लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, आता तो निघेल. मुलगा भंडाऱ्याकडचा, उकव्याला खाणीवर नोकरीला. त्याची आई साधी बाई होती, तिने कशालाच हरकत घेतली नाही. वहिनींचे दीर तयार होते. पुष्पा तर हट्टालाच पेटली. "मले तोच पायजे, आई. दुसऱ्या कशाआड मी उभी राहात नाही."

नको म्हणाल्या त्या वहिनीच.

"नको पुष्पे. लोक म्हणतात ते खोटं असंलही. पण उद्या तुले काही झालं, त मी कोणाले विचारू?"

"वहिनी, तुम्ही तरी असं बोलू नका," मी म्हणाले.

"तुम्ही शिकलेल्या, तुमचं बरं हाये. पोर माही हाये."

लग्न बाजारातल्या पांढऱ्या कापडाआड लागलं. मंगलाष्टकं चालू असताना वहिनी आतल्या खोलीत कुणाचं तरी तान्हं मूल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मीही बाहेर गेले नाही. वाजंत्री एकदम कडाडली तेव्हा त्यांनी बाळाचे कान दोन्ही हातांनी झाकले आणि बराच वेळ हात काढले नाहीत.

पुष्पाचा संसार तीन-चार वर्षं चालला. बैहरच्या रस्त्यावर ट्रक उलटला, त्यात तिचा नवरा होता. पुष्पा परत आली ती कायमची. तेव्हाही गावातल्या बायका सांत्वनाला आल्या, रडल्या, आणि जाताना एक-दोघींनी स्वेटरचं कुठवर आलं तेही विचारलं. वहिनी रडलेल्या मला दिसल्या नाहीत. एका दुपारी मात्र मी गेले, तर ट्रंक उघडी होती आणि अंतरपाट त्यांच्या मांडीवर पसरलेला. मधली जागा तशीच कोरी. वर न बघता म्हणाल्या, "माह्या हातानं काय वेगळं झालं असतं, सांगा बरं."

उत्तर दोघींनाही ठाऊक होतं, आणि त्याने आता कुणाचं भलं होणार नव्हतं. त्या दिवसापासून वहिनी खचल्या त्या खचल्याच. विणत राहिल्या, पण हाताला सफाई राहिली नाही, बाह्या लहान-मोठ्या व्हायला लागल्या. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावते. वकिलीणबाईंवर रागावते तशी वहिनींवरही रागावते. आपल्या हाताइतकं चांगलं त्यांच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं, आणि त्याच हाताला त्या भ्यायल्या.

मागच्या आठवड्यात मी पुष्पाकडे गेले. ती ओसरीवर कुणाचा तरी स्वेटर विणत होती. येत्या वैशाखात आमच्या शैलाचं लग्न आहे. म्हटलं, "पुष्पा, अंतरपाट मागायला आले."

तिच्या सुया थांबल्या. "काकू, लोक काय म्हणतीन?"

"म्हणू दे."

"आणि शैलाले काही झालं त?"

मी समजावायला तोंड उघडलं, पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "माह्या लग्नात त साधंच कापड होतं." मग उठली आणि आत जाऊन ट्रंक उघडली.

अंतरपाट सध्या माझ्या कपाटात आहे. ह्यांच्या बहिणीने नाक मुरडून झालं आहे, आणखीही काहीजणी मुरडतील. लग्न झाल्यावर वेलीवर शैलाचं फूल भरावं लागेल. माझा हात भरतकामात अजून कच्चाच, पुष्पाचा मात्र थेट आईवर गेला आहे. फूल तूच भर, असं तिला सांगून आले आहे. ती अजून हो म्हणालेली नाही.