इन्स्पेक्शनच्या फोटोतली दुसरी गाडी

मी पॉवरलूमवाल्याच्या घरातला. माग बंद पडला तर पाना घ्यायचा, नारळ नाही — ही आमच्या घरची शिकवण. त्यामुळे इथले तुमचे भुताखेतांचे अनुभव आजवर मी हसतच वाचले. हा माझा स्वतःचा आहे, आणि यात मी काही चांगला माणूस ठरत नाही... तरी लिहितो.

मी बेळगावात, वडगावला राहतो. साड्यांचा माल गाडीतून निपाणी, कोल्हापूरला पोचवतो. दोन वर्षांत माझ्या हातून चार अपघात झाले. जीव कुणाचा गेला नाही, पण इन्शुरन्सवाल्यांच्या लेखी मी धोक्याचा ड्रायव्हर. पॉलिसीची मुदत संपली आणि नवीन द्यायला कुणी तयार होईना. शेवटी ओळखीच्या एजंट शैलाआक्का म्हणाल्या, "एक कंपनी घेईन म्हणती. पण आधी इन्स्पेक्शन. रविवारी येऊन फोटो काढते."

माझा धाकटा भाऊ सचिन टिळकवाडीत राहतो, निपाणीच्या कॉलेजात शिकवतो. रोज हायवेनं जाणं-येणं, तरी गाडीला ओरखडा नाही, आजवर एक क्लेम नाही. आई चारचौघांत म्हणायची, "सचिनच्या गाडीत झोप लागती बघा. विनायकच्या गाडीत देव आठवतोय." सगळे हसायचे. मीही हसायचो.

त्या रविवारी सचिन आणि त्याची बायको रूपा जेवायला आले होते. जेवून पुढे रूपाच्या माहेरी, कोगनोळीला जायचं होतं त्यांना. जेवताना सचिन म्हणाला, "अण्णा, तुझी गाडी माझ्या नावावर करूया काय? मला कोण न्हाय म्हणणार न्हाय." मनापासूनच म्हणाला असेल. पण मी ताट सारून उठलो.

दुपारी शैलाआक्का आल्या. भर उन्हात, दारासमोर. माझ्या गाडीचे पुढून, मागून फोटो काढले, मग बाजूचा काढला आणि थबकल्या.

"विनायक, हे काय रं?"

फोटोत माझी गाडी होती तशीच होती. तिच्या मागे सचिनची पांढरी गाडी — डाव्या बाजूची दोन्ही दारं आत दबलेली, काचा नाहीत, आरसा वायरीवर लोंबतोय. मी मान वर केली. समोर सचिनची गाडी धडधाकट, सकाळीच धुतलेली. आक्कांनी पुन्हा फोटो काढला. तसाच आला. मी माझ्या मोबाईलवर काढला... तसाच.

"सचिनला दाखीव जा," आक्का हळूच म्हणाल्या.

"मी सांगतो. तुम्ही जावा," मी म्हटलं.

खरं सांगू? मला भीती नंतर वाटली. त्याआधी बरं वाटलं. ती चेपलेली गाडी मी दोन बोटांनी मोठी करून बघितली... लई वेळ.

तासाभरानं ते निघाले तेव्हा मात्र राहवेना. मी पळत गेलो, खिडकीवर हात ठेवला. डावीकडे रूपा बसली होती.

"काय अण्णा?" सचिननं विचारलं.

दारातून आई ओरडली, "सचिनला सांगायला नगं, त्यो नीटच चालवतोय!"

मी हात काढून घेतला. "काय न्हाय. जावा."

कोगनोळीच्या अलीकडे सर्व्हिस रोडवरून एक टेम्पो आला आणि डावीकडून धडकला. सचिनला खरचटलंसुद्धा नाही. रूपाचा खांदा आणि हात मोडला. संध्याकाळी मी गाडी बघायला गेलो. दारं तशीच. आरसा तसाच, वायरीवर.

तिथेच उभा राहून मोबाईल उघडला. फोटोत सचिनची गाडी धडधाकट होती. आक्कांच्या फोटोंतही. मोबाईलच्या दुकानदारानं, सचिनच्या कॉलेजातल्या एका सरांनी ते फोटो बघितले. सगळे म्हणाले, साधे फोटो आहेत. आम्ही दोघांनी त्या उन्हात काय पाहिलं, ते आजही सांगता येत नाही. आक्का आता तो विषय काढू देत नाहीत.

परवा रूपाला बघायला गेलो होतो. हात अजून वर जात नाही तिचा. चहा देताना तिनं विचारलं, "अण्णा, त्या दिवशी तुम्ही काहीतरी सांगणार होतासा न्हवं?"

"सावकाश जावा, म्हणणार होतो."

तिनं चांगल्या हातानं कप पुढं केला. "मग म्हणायचं की," म्हणाली.