दाराआडून वाचलेला पेपर

माझे सासरे सोप्यावर बसून पेपर ऐकायचे आणि मी दाराच्या आत, चौकटीला पाठ लावून तो वाचायचे. सासऱ्यांसमोर बसायची तेव्हा आमच्यात रीत नव्हती. मला ते बरं वाटायचं, कारण समोर माणूस असला की माझा आवाज घशातच राहतो. मी गोव्यातल्या धारगळची. तिथल्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले आणि लग्न होऊन मुळगावात आले. सासू आधीच गेली होती. नवरा दिवसभर खाणीच्या ट्रकावर. घरात आम्ही दोघंच, आणि सासऱ्यांना अक्षर येत नव्हतं.

दुकानदाराचा वाचून झालेला पेपर ते दुपारी घेऊन यायचे आणि उंबऱ्यावरून आत सरकवायचे. मी अडखळत वाचायचे. जड शब्द आला की थांबायचे, मनात जुळवायचे, मग घरच्या भाषेत सांगायचे. त्या दिवसांत पेपर भाषेच्या भांडणानेच भरलेला असायचा. कोण म्हणे मराठी, कोण म्हणे कोंकणी. सभा, मोर्चे, बंद. एकदा रस्त्यावर झाडं पाडून ठेवली म्हणून नवरा दोन दिवस घरी बसून होता. कोणाचं बरोबर ते मला सांगता येणार नाही. मी रोज मराठीत वाचत होते, कोंकणीत सांगत होते, आणि सासऱ्यांना सगळं कळत होतं.

वाचून झालं की ते विचारायचे, "आमचें शेत आसा गो तातूंत?"

मी म्हणायचे, "ना, आबा."

आमचे भातशेतीचे चार कुणगे खाणीच्या डंपाखाली, म्हणजे टाकाऊ मातीच्या डोंगराच्या पायथ्याशी होते. पावसात डंपावरून लाल चिखल उतरायचा आणि भातात बसायचा. दोन कुणगे गेलेच होते. उरलेले वाचवायचे तर पुढच्या पावसाआधी डंपाच्या पायथ्याशी दगडी बांध घालायला हवा होता, आणि तो सरकारने सांगितल्याशिवाय खाणवाले घालणार नव्हते. नवऱ्याला काही बोलता येत नव्हतं, त्याची भाकरी तिथलीच. म्हणून सासरेच अर्ज घेऊन फिरले. निवडणुकीच्या आधी एक पुढारी शेतावर आले, पँट दुमडून शेताच्या कडेला मेरेवर उभे राहिले आणि छोट्या वहीत काहीतरी लिहून घेतलं. त्यांच्याबरोबर फोटो काढणारा होता. दोन दिवसांनी पेपरात फोटो आला. त्यात पुढारी होते, सासऱ्यांचा अर्धा खांदा होता, आणि खाली पुढारी शेतकऱ्यांना भेटले एवढंच लिहिलं होतं. चिखलाचं नाव नाही. काळ्या शाईत लाल चिखल कोणाला ओळखू येणार? सासऱ्यांनी तो कागद तरीही पेटीत ठेवला. पुढारी निवडून आले. वही कुठे गेली देव जाणे.

मग गोवा वेगळं राज्य झालं. जवळच्या डिचोलीत फटाके वाजले. त्या दिवशी पेपरातली अक्षरं इतकी मोठी होती की मी पहिल्यांदा न थांबता मथळा वाचला. आत पानभर पुढाऱ्यांचे फोटो होते. आमचे पुढारी हार घालून हसत होते. मी सगळं वाचलं.

"म्हणजे आतां सरकार लागीं आयलें?" सासऱ्यांनी विचारलं.

"तशें बरयलां." तसंच छापलं होतं.

"मगीर आमचें शेत?"

"ना, आबा."

"जाल्यार पुरो. फाल्यांसावन हांव पेपर हाडचो ना. ह्या लोकांचे हारतुरे आयकून म्हाका कितें मेळटा?"

पेपर बंद झाला तर मी दिवसभरात कोणाशी बोलणार, हे माझ्या मनात पहिल्यांदा आलं. शेताचं दुःख नंतर. हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. मी पान उलटल्याचा आवाज केला आणि म्हणाले, "थांबा आबा, मागल्या पानार आसा." आणि वाचल्यासारखं सांगितलं की मुळगावच्या शेतात शिरलेली खाणीची माती बघायला सरकारी साहेब येत्या सोमवारी येणार आहेत.

त्यांनी उठून चपला घातल्या आणि ते बाहेर गेले.

सोमवारपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरला नाही. सांगावं म्हणून दोनदा दारापर्यंत गेले आणि परत चुलीकडे आले. सोमवारी त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि शेतावर गेले. त्यांनी सांगितलं म्हणून शेजारचे चार शेतकरीही तिथे येऊन बसले होते. डंपाखालच्या उन्हात सगळे जेवणवेळेपर्यंत बसून राहिले. कोणी आलं नाही. एक म्हातारा बोलला म्हणे, "आबा, तुजो सायब वाटेर न्हिदलो काय कितें?"

संध्याकाळी नवऱ्याच्या कानावर गेलं. तो आत येऊन म्हणाला, "खंयच्या पेपरांत आयिल्लें? दाखय पळोवया."

सोप्यावरून सासरे म्हणाले, "तो पेपर हांवें दुकानार परत दिला. आतांमेरेन त्याच्यो मिरसांगेच्यो पुडयो जाल्यो आसतल्यो."

नवरा पुटपुटत आंघोळीला गेला.

मी दाराशी उभी राहिले. तो पेपर आत तांदळाच्या डब्याखाली होता, त्यांनी परत दिलाच नव्हता. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिसा तूं अडखळूंक ना."

मला आधी कळलं नाही.

"सदांच अडखळटा. तेंच एक तुवें घडाघडा वाचलें. छापिल्लें नाशिल्लें, न्हय?"

मी त्यांना आजवर एकही प्रश्न विचारला नव्हता. तो पहिला. "मगीर गेलात कित्याक, आबा?"

ते थोडे हसले. "वहीवाल्याक विस्वासून दोन वर्सां बसलों. तुका विस्वासून एक सकाळ बसलों. तूं तरी घरची." मग म्हणाले, "पूण त्या चौगांक कित्याक उनांत बसयले हांवें? तें म्हाका बरें दिसना."

त्या चौघांनी आणि मग वाड्यानेही त्यांना सोडलं नाही. दुकानावर गेले की कोणीतरी विचारायचंच, "आबा, आज खंयचो सायब येता?" ते माझं नाव कधी बोलले नाहीत. तिसऱ्या कुणग्यात त्या पावसात चिखल बसला.

मी एकदाच खोटं वाचलं, तर जेवण जाईना. जे रोज छापतात आणि रोज बोलतात, त्यांच्या ताटातलं अन्न कसं जातं, हे मी पुष्कळदा मनाला विचारलं आहे.

त्या सोमवारच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी ते पेपर घेऊन आले होते. नेहमीसारखा उंबऱ्यावरून सरकवला नाही, हातात धरून बसले. मी पदर सारखा केला आणि उंबरा ओलांडून सोप्यावर, त्यांच्यासमोर बसले. त्यांनी रीत काढली नाही. पेपर दोघांच्या मध्ये पसरला आणि मी ओळीखाली बोट ठेवून वाचू लागले. अक्षर त्यांना येत नव्हतं, पण बोट कुठे चाललंय ते दिसत होतं. बोट थांबलं की तेही थांबायचे.

शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीपर्यंत बोट नेलं.

"आमचें शेत?" त्यांनी विचारलं.

"ना, आबा," मी त्यांच्याकडे बघून म्हणाले, आणि पेपराची घडी घातली.